गोमाजीबाबांचे अठरा वार

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला वाटायला नको की म्हातारी उगाच तडतडून राहिली. माझे यजमान म्हणायचे, "चारू, लोकांच्या नाकावर राग असतो, तुझ्या रागावर नाक आहे." तर या खंडेनवमीला मी माझ्या सख्ख्या धाकट्या भावाच्या, श्रीधरच्या घरी, नागपुरात मनीषनगरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये, भर पूजेत ठिय्या मांडला, त्याची ही गोष्ट.

आधी तलवारीचं सांगायला हवं. श्रीधरच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक तलवार टांगलेली आहे. पितळी मूठ, मखमल उडालेली म्यान. ती आमच्या मूळपुरुषाची, गोमाजीबाबांची. ते नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत होते. अठराशे सतरा साली सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली. ती आपण हरलो, पण गोमाजीबाबा काही हरले नाहीत. त्यांनी अंगावर अठरा वार झेलले आणि त्यातला एकही पाठीवर नव्हता. आमच्या घरात पोरगं धड बोलायला लागायच्या आधी हे वाक्य त्याच्या कानावर पडतं. खरं म्हणजे माझे आजोबा अकरा वार सांगायचे. वडिलांनी त्याचे अठरा केले. श्रीधरच्या मुलाने, सुमंतने तर सातवीत निबंधात बावीस लिहिले आणि बक्षीस आणलं. लढाई हरलेली असली की वार वाढतच जातात बहुतेक. शाळेच्या इतिहासात या लढाईला दीड ओळ होती, म्हणून उरलेलं सगळं आम्ही घरीच लढलो.

आणि आमच्या घरची एक रीत आहे. मुलगा चौदा वर्षांचा झाला की खंडेनवमीला घरातला वडीलधारा पुरुष त्याला आतल्या खोलीत नेतो. दार लागतं. आत मुलगा तलवार उपसतो, वडीलधारा त्याला काहीतरी सांगतो, आणि दोघं बाहेर येतात. आत काय झालं ते कोणी बोलत नाही, तशी शपथच असते. बायकांनी तोवर बाहेर पुरण वाटायचं.

श्रीधर आत गेला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आणि श्रीधर म्हणजे काय भित्रं पोर! कुत्रं दिसलं की रडणार, वीज कडाडली की रडणार, गणिताच्या मास्तरांनी नुसतं नाव पुकारलं तरी रडणार. त्या दिवशी लटलट कापत आत गेला आणि बाहेर आला तो चेहरा असा मोकळा, जणू ताप उतरला. त्यानंतर तो रडायचा थांबला. कुत्र्याची गल्ली टाळून लांबून जायचा, पण कोणी विचारलं तर खुशाल सांगायचा, "मला भीती वाटते कुत्र्याची." मला वाटलं, बाप्पा, केवढा धीट झाला हा! तलवारीचा प्रताप!

मी वडिलांना विचारलं होतं, "मला कधी?" ते हसले. "मुलींना कुठे लढाईवर जायचंय?" मी त्या दिवशी जेवले नाही. तो राग सत्तेचाळीस वर्षं मी जपून ठेवला.

आता नूपुर. सुमंतची मुलगी, श्रीधरची नात, माझीही नातच. मला आत्याआजी म्हणते. या वर्षी चौदाची झाली. घरात तिच्या पिढीत ती एकटीच. आणि ही पोरगी तलवारबाजी शिकते. तोंडावर जाळी, अंगात पांढरं जाकीट, हातात लवलवतं पातं. मी तिचा पहिला सामना पाहिला तेव्हा खुर्चीवर उभी राहून ओरडले होते. शेजारच्या बाईंनी मला खाली बसवलं.

पण महिन्याभरापूर्वी विभागीय स्पर्धेत घोळ झाला. समोरची मुलगी उंच, अंगावर धावून येणारी. तिने ओरडत झेप घेतली आणि आमच्या नूपुरने घाबरून गर्रकन पाठ फिरवली. या खेळात पाठ फिरवणं हा गुन्हा आहे. पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं. मग तो सामना ती हरलीच. एवढ्यावर भागलं असतं, पण वर्गातल्या पोरांना आठवलं की हीच नूपुर पाचवीत गॅदरिंगला गोमाजीबाबांवर भाषण करून गेली होती, एकही वार पाठीवर नाही म्हणून. मग काय, चिडवायला निमित्तच मिळालं. नूपुरने किट पलंगाखाली सरकवलं. खंडेनवमीनंतरच्या रविवारी निवड चाचणी होती. ती म्हणाली, "मी नाही जाणार. मी भित्री आहे."

माझं डोकंच फिरलं. त्या पोरांवर, पंचांवर, उंच मुलीवर, सगळ्यांवर. आणि मी ठरवलं, ज्या तलवारीने श्रीधरला धीट केलं, तीच नूपुरला करणार.

फोन लावला. "श्रीधर, या खंडेनवमीला नूपुर तलवार उपसेल."

माझा भाऊ बँकेतून निवृत्त झाला आहे. उभ्या आयुष्यात त्याने कोणाला घाईत उत्तर दिलं नाही.

"ताई, राहू दे ना ते," तो म्हणाला.

"काहून? मुलगी आहे म्हणून?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"तुला नाही सांगता येणार."

"मले नाही सांगता येणार?" राग आला की माझी धरमपेठेतली शुद्ध भाषा गळून पडते. "मी काय परकी आहे? बापाची तलवार तुझ्या टीव्हीवर टांगली, मी हूं की चूं केलं का कधी? मी येऊन राहिली खंडेनवमीला. मग पाहते."

खंडेनवमीला गेले. पूजा सुरेख मांडली होती. पाटावर तलवार, तिच्या बाजूला सुमंतचा लॅपटॉप, मिक्सर, भिंतीला भोकं पाडायचं मशीन, आणि काजलची दात उपटायची पकड. काजल म्हणजे सुमंतची बायको, दातांची डॉक्टर. माहेर उमरेडचं, कोष्ट्यांच्या घरातलं. तिच्या आजीपर्यंत घरात हातमाग होता. बोलायला एकदम मोकळी, त्यामुळे माझं तिचं जमतं. काजलने नूपुरचं तलवारबाजीचं पातंही पलंगाखालून काढून पाटावर ठेवलं होतं. नूपुर आली, तिने काही न बोलता ते उचललं आणि परत आत नेऊन ठेवलं. हळद-कुंकू पकडीला लागलं, मिक्सरला लागलं, त्याला नाही लागलं.

मग मी आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून फरशीवर बसले.

"आत्या, अहो गुडघे!" काजल म्हणाली.

"गुडघे गेले खड्ड्यात. नूपुर आत जाईपर्यंत मी उठणार नाही. नैवेद्य नाही, जेवण नाही, काही नाही."

सुमंत हसायला लागला. तोही चौदाव्या वर्षी आत जाऊन आलेला, म्हणजे त्याला सगळं ठाऊक. मी म्हटलं, "हसतोस काय मेल्या? पोरगी तुझीच ना?" तर तो बापाकडे बघायला लागला. श्रीधर चष्मा पुसत बसला. त्याला काही सुचेनासं झालं की तो चष्मा पुसतो. त्या दिवशी काचा झिजतील इतका पुसला.

"ताई, ऐक. तुला त्रास होईल."

"मला कशाला त्रास? उपसणार नूपुर!"

"तुलाच होईल," तो म्हणाला आणि परत चष्मा पुसायला लागला.

स्वयंपाकघरात कोथिंबिरीच्या सांभारवड्या तळलेल्या होत्या, त्यांचा वास येत होता, आणि मी सकाळपासून उपाशी. पण हट्ट म्हणजे हट्ट. काजलने एक वडी बशीत आणून माझ्या नाकासमोर धरली. मी तोंड फिरवलं. आयुष्यात एवढं अवघड काम मी क्वचितच केलं असेल.

एवढ्यात नूपुर आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. "आत्याआजी, उठ ना. मला नकोच आहे ते. मी त्या तलवारीला हात कसा लावू? मी पाठ दाखवली." आणि तिचा ओठ असा थरथरला, की माझा सगळा आवेश ओसरला.

श्रीधरने चष्मा डोळ्यांवर चढवला. उठला, पाटावरची तलवार घेतली. "चल नूपुर," म्हणाला. "आत ये. ताई, दार सोड."

मी सोडलं. दोघं आत गेली. दार लागलं.

आम्ही तिघं बाहेर. मी दाराला कान लावला. हो, लावला! सत्तेचाळीस वर्षं वाट पाहिलेल्या बाईने कान लावला तर कोणाचं काय गेलं? श्रीधरचा बारीक आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बराच वेळ तसंच. मग एकदम हसू फुटलं. नूपुरचं. ख्यॅ ख्यॅ करून, अगदी पोट धरून हसावं तसं. मला इतका संताप आला म्हणता! पूर्वजाची तलवार हातात आणि ही पोरगी खिदळून राहिली?

दार उघडलं. नूपुरचे डोळे ओले आणि तोंड हसून हसून लाल.

"आत्याआजी!" ती म्हणाली. "गोमाजीबाबांनाही पिवळं कार्ड!"

"काय?"

"पळाले ते! पाठ फिरवून! सुसाट!"

मी श्रीधरकडे पाहिलं. "तू शपथ घातली नाहीस हिला?"

"विचारलं," तो म्हणाला. "शपथ घेशील का म्हटलं. ती नाही म्हणाली. आजवर कोणी नाही म्हटलंच नव्हतं, मग पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं."

मग नूपुरने सांगितलं. सोफ्यावर उभी राहून, हातवारे करून, पाचवीतल्या भाषणापेक्षा कितीतरी झोकात.

गोमाजीबाबा बाबा नव्हतेच. सोळा वर्षांचं पोर होतं. मिसरूड फुटत होतं. काका फौजेत होता म्हणून यालाही उभं केलं, हातात तलवार दिली. टेकडीवर तोफा सुरू झाल्या. असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. शेजारचा माणूस पडला. आणि गोमाजी वळला आणि पळाला. टेकडी उतरून, वस्तीच्या गल्ल्यांमधून, जीव घेऊन. कोष्ट्यांच्या आळीत दगडाला अडखळून पालथा पडला, हातातली तलवार दगडावर आपटून मोडली. मोडकी मूठ घेऊन दिसेल त्या घरात घुसला. तिथे एक बाई मागावर बसली होती. कोष्ट्यांचा माग जमिनीत खड्डा करून बसवलेला असायचा, विणणाऱ्याचे पाय त्या खड्ड्यात. बाईने याच्याकडे एकदा पाहिलं, खसकन ओढलं आणि खड्ड्यात कोंबलं. वरून लुगडं सारखं केलं, पाय याच्या पाठीवर ठेवले आणि विणायला लागली. शोधणारे शिपाई आले, दारातून डोकावले, गेले. ती विणतच होती. संध्याकाळपर्यंत पोर खड्ड्यात आणि ती वर.

"म्हणजे आमच्या लोकांनी वाचवला तुमचा वाघ!" काजल ओरडलीच. हातातली बशी तिने टाळी द्यायला खाली ठेवली. "आणि तेही पायाखाली घेऊन! अहो बाबा, म्हणून होय! मी कोष्ट्यांची म्हटल्यावर चार चुलत सासरे रुसले, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, मुलीचं उमरेडचं घर म्हणजे आपलंच घर. मी आईला सांगितलं होतं, सासरा देवमाणूस आहे."

"देवमाणूस नाही गं," श्रीधर म्हणाला. "देणेकरी आहे."

सगळे हसले. नूपुर तर लोळत होती. "आणि आजोबा, वार किती ते सांगा ना!"

"एक," श्रीधर म्हणाला. "गुडघ्यावर. पडले तेव्हाचा."

"मी बावीस लिहिले होते," सुमंत म्हणाला. "पुढच्या वर्षी आत गेलो आणि कळलं. बक्षिसाचा कप बघितला की अजून लाज वाटते."

नूपुरने पलंगाखालून तिचं पातं ओढून आणलं आणि स्वतःच त्याला कुंकू लावलं. "रविवारी जाते मी," ती सहज म्हणाली, जणू दूध आणायला जाते. "शेवटी त्या बाईने गोमाजींना जे सांगितलं ना, ते ऐकल्यावर जायलाच पाहिजे. पण ते मी नाही सांगणार. ते तलवार उपसेल त्यालाच सांगायचं असतं."

सगळं छान झालं होतं. माझा हट्ट पुरा झाला होता, पोरगी खुशीत होती, वड्या गरम होत्या. आणि मला एकदम राग चढायला लागला. नेहमीचा राग नव्हता तो. नेहमीचा राग मला ओळखू येतो.

"श्रीधर," मी म्हटलं, "नानांना हे माहीत होतं?" नाना म्हणजे आमचे वडील.

"हो."

"चौदाव्या वर्षापासून?"

"हो, ताई."

मग मी बोलले. माझे यजमान गेले तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभी होते, आणि मला भीती वाटत होती. दुःख नंतर आलं, आधी भीती आली, घराची, दिवसांची, सगळ्याची. नाना आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चारू, आपण गोमाजीबाबांचं रक्त. पाठ दाखवायची नाही." आणि मी नाही दाखवली. रडले नाही. तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. लोक म्हणाले, काय बाई आहे! गेली पंचवीस वर्षं मी ताठ उभी आहे आणि सगळ्यांवर ओरडते आहे. आणि ज्या माणसाने मला ते सांगितलं, त्याला खरं काय ते ठाऊक होतं.

"पोरांना खरं सांगितलं," मी म्हटलं, "आणि मला अठरा वार दिले. काहून, श्रीधर? मी काय कमी घाबरत होते?"

काजल माझ्याजवळ येऊन बसली.

श्रीधर म्हणाला, "आत गेलो ना मी, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की घाबरणारा मी एकटा नाही. तिथून मी सुटलो. तुला सांगावंसं किती वेळा वाटलं. पण तुझा त्या अठरा वारांवर इतका जीव. मला वाटलं, ते काढून घेतले तर तू कशाला धरून उभी राहशील?"

"मला विचारायचं होतंस."

"हो," तो म्हणाला. "चुकलंच."

मग तो उठला. नूपुरने बाजूला ठेवलेली गोमाजींची तलवार म्यानासकट घेतली आणि माझ्यासमोर धरली. आतली खोली नाही, बंद दार नाही, सगळ्यांसमोर, टीव्हीच्या खाली. मी मूठ धरली. उपसली. फार जोर लावला होता, आणि ती एकदम निसटून बाहेर आली, कारण आत होतंच काय! वितीएवढं गंजलेलं पातं, पुढे नुसतं तुटलेलं टोक.

श्रीधर माझ्यापुढे उभा राहिला. तो पुढे जे बोलला, तशी बोली आमच्या घरात एरवी कोणी बोलत नाही. पण त्या बाईचं नाव कोणालाच माहीत नाही, म्हणून बापांनी पोरांना तिचे शब्द तरी तिच्याच बोलीत सांगितले, पिढ्यान्‌पिढ्या, न बदलता. माझा निवृत्त बँकवाला भाऊ तसंच बोलला, अगदी हळू, फक्त माझ्यासाठी ‘आला’चं ‘आली’ करून.

"भेव लागलं त लागू दे. पयून आली, बरं केलं. आता घरी जाय. माय वाट पाहून राहिली."

मी रडले. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये राहून गेलेलं सगळं रडले, चांगलं मोठ्याने, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असं. नूपुरने माझ्या हातातली तलवार हळूच काढून घेतली, सुमंतने पंखा लावला, काजलने माझं डोकं तिच्या खांद्यावर घेतलं. आणि कोणीही मला गप्प बस म्हटलं नाही.